जिथे गाडी मुक्कामाला थांबते

ज्यांच्यामुळे मी शिकलो आणि ज्यांच्यामुळे माझी बायको आज जिवंत आहे, ते भानुदासनाना आमच्या गावाला येणाऱ्या एस.टी.चे कंडक्टर होते. म्हैसूरच्या प्रवासाबद्दल लिहायला बसलोय, पण नानांचं नाव आधी घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्या परक्या शहरात मी जे शोधत हिंडलो ते त्यांच्याच सांगण्यावरून.

आमचं गाव जामखेडच्या बाजूला, डांबरी सडकेपासून बरंच आत. संध्याकाळची गाडी आमच्याकडे मुक्कामाला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी घेऊन तालुक्याला जायचे. मी जामखेडला कॉलेजात होतो तेव्हा आई त्या गाडीत माझा डबा ठेवायची आणि नाना तो स्टँडवरच्या चहावाल्याकडे पोचवायचे. आई आजारी पडली आणि डबा आला नाही, की त्या चहावाल्याकडे नानांचा स्वतःचा डबा माझ्या नावाने ठेवलेला असायचा. वडील मी लहान असतानाच गेले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मंगलला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. रात्रीची वेळ, गावात दुसरं वाहन नाही. नाना आणि ड्रायव्हर देवळातून उठून आले आणि कोणालाही न विचारता मुक्कामाची गाडी तिला घेऊन जामखेडला गेली. मूल वाचलं नाही. मंगल वाचली. नानांना त्याचा जाब द्यावा लागला. काय दिला, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळची गाडी येऊन तिचं इंजिन बंद झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मंगलला झोप लागत नसे. पुढे नाना निवृत्त झाले, गाडीचा मुक्कामही बंद झाला, आणि तिची झोप गेली ती गेलीच.

अशात मला म्हैसूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मंगलला पुन्हा दिवस गेले. तिला आई नाही, तेव्हा माहेरी पाठवायचा प्रश्नच नव्हता. "तुम्ही जिथे, तिथे मी," एवढंच ती म्हणाली. आईही आमच्याबरोबर येणार होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. घर शोधायला म्हणून मी काही दिवस आधी निघालो. नाना मला स्टँडवर पोचवायला आले होते. म्हणाले, "दत्ता, घर बघशील तेव्हा खोल्या नंतर बघ. आधी शेवटची गाडी बघ."

शिंप्याचं दुकान

म्हैसूर देखणं शहर आहे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, कोपऱ्याकोपऱ्यावर मोगऱ्याचे ढीग घेऊन बसलेल्या बायका. गावातले लोक मला हे सगळं विचारतात आणि मी सांगतोही. पण पहिल्या दिवशी मला यातलं काही दिसलं नव्हतं. मला दिसत होत्या फक्त बसवरच्या पाट्या, आणि त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सगळी अक्षरं गोल, एकासारखी दुसरी. आई जामखेडच्या स्टँडवर आली की प्रत्येक गाडीपाशी जाऊन "ही कुठं जाती, दादा?" असं विचारायची आणि कॉलेजात जाणाऱ्या मला त्याची लाज वाटायची. इथे मी तेच करत होतो, आणि आईला निदान उत्तर कळायचं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानात विठोबा-रखुमाईची तसबीर दिसली. तिला ताज्या मोगऱ्याचा हार होता. मी रस्त्यातच थांबलो. मशीनवर वाकलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "एनु बेकु?" काय पाहिजे, असं ते विचारताहेत हे त्यांच्या हातावरून कळलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आमचा विठोबा."

"तुमचा कधीपासून?" ते मराठीत म्हणाले. "पंजोबाच्या काळापासून इथे आमच्या घरी आहे तो. बस. काफी घे."

हे पांडुरंगराव. त्यांची मराठी मला अर्धी कळे. वाक्य मराठीत सुरू होई आणि कानडीत संपे. त्यांच्या भजनाच्या वहीत शब्द सगळे मराठी, लिपी मात्र कानडी. मी वही उलटी धरली तेव्हा ते खूप हसले. मी त्यांना काका म्हणू लागलो, ते मला तम्मा म्हणू लागले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. वयाने मी त्यांच्या नातवासारखा, पण त्यांचं सगळ्या गिऱ्हाइकांशी हेच नातं.

दुकानाच्या वर त्यांची एक खोली रिकामी होती. वर जायला लाकडी जिना, शिडीसारखा उभा, आणि आधाराला वरून सोडलेला दोर. वरच्या पायरीवरून मी खाली पाहिलं आणि त्या दोराला धरून उतरणारी मंगल माझ्या डोळ्यांपुढे आली. काकांच्या पत्नी, सरसाबाई, खालून सगळं बघत होत्या.

"बायकोला कितवा महिना म्हणालास?"

"पाचवा."

"अय्यो, मग बेडा. नकोच. मी स्वतः रोज देवाचं नाव घेऊन उतरते, आणि देव वरच राहतो."

शहरातली बाकी घरं माझ्या पगाराच्या बाहेरची होती. काका म्हणाले, "मग आजूबाजूच्या गावात बघ. पुष्कळ लोक बसनं येतात-जातात. मी येतो बरोबर. तुला एकट्याला सोडलं तर तू भलत्याच गावचा होशील."

वरुणा

गुरुवारी आम्ही वरुणा नावाच्या गावाकडे गेलो. आमच्या माळरानावरून आलेल्या माणसाला तो मुलूख खोटा वाटावा इतका हिरवा होता. भाताची खाचरं, त्यात उभे बगळे, मग ऊस, मग पुन्हा भात. घर एका शेतकऱ्याचं. पुढे ऐसपैस ओटा, मागे विहीर, अंगणात तुळस. मालक भला माणूस होता. जेवल्याशिवाय सोडेना.

जेवायला नाचणीचे मोठे गोळे आणि सार. त्या गोळ्याला मुद्दे म्हणतात. मी भाकरीसारखा तुकडा मोडून चावायला लागलो, तर तो दाताला, टाळूला, सगळीकडे चिकटून बसला. घरातली पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. काकांनी समजावलं, "चावायचं नाही तम्मा. सारात बुडवायचं आणि गिळायचं. तुझ्यासारखा चावत बसला असता तर इथला शेतकरी दुपारपर्यंत शेतात पोचला नसता." मी गिळायला शिकलो. आईला हे नक्की आवडणार नाही, असंही मनात आलं. तिला भाकरी चावल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

घर मला मनापासून आवडलं होतं. मी मालकांना विचारलं, शेवटची गाडी किती वाजता? ते म्हणाले, दिवे लागायच्या सुमाराला एक येते, येते म्हणजे बहुतेक येते.

त्या 'बहुतेक'साठी आम्ही दोघे फाट्यावर उभे राहिलो. ऊन उतरलं, बगळे उडून गेले. दोन्हीकडच्या उसात आता आतलं काही दिसत नव्हतं. गाडी आली नाही. एक सायकलवाला भरधाव गेला, जाता जाता काकांना काहीतरी ओरडून सांगून. त्यातला "चिरते" एवढाच शब्द मला ऐकू आला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. मांजर आहे म्हणाला पुढे."

"केवढं मांजर, काका?"

काकांनी एकदा उसाकडे पाहिलं. "स्वल्प मोठं," म्हणाले. मग माझ्याजवळ सरकले आणि भजन म्हणायला लागले, मोठ्यांदा, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येत.

बिबट्या. परवाच त्याने त्या बाजूचं एक कुत्रं उचलून नेलं होतं, हे काकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा ते गात होते आणि मी उसाकडे बघत होतो. पानं वाऱ्याने हलत होती की आणखी कशाने, ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मला माझ्या जिवाची भीती तेवढी वाटली नाही. माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं: हीच वेळ आहे, मंगलला कळा येताहेत, आई तिला धरून या फाट्यावर उभी आहे आणि गाडी बहुतेक येणार आहे.

शेवटी दुधाचे कॅन गोळा करणारा टेम्पो आला. आम्ही कॅनच्या मधे उभे राहून शहरात पोचलो. अंगाला सगळा दुधाचा वास. काका म्हणाले, "घर छान होतं." मी म्हणालो, "छान होतं."

येलवालच्या आत

शुक्रवारी सकाळी हुणसूरच्या रस्त्याने येलवालला उतरलो आणि तिथून आत एका वाडीकडे चालत निघालो. खरं तर माझी उमेद संपली होती. सोमवारी कामावर जायचं, आणि घर नाही. मंगलला काय लिहू हेच डोक्यात घोळत होतं.

वाडीच्या तोंडाशी चिंचेचं झाड आणि समोर जयम्मांचं घर. जयम्मा एकट्याच राहतात. मुलगी सरगूरला दिली आहे. मागच्या अंगाला दीड खोली, स्वयंपाकाला आडोसा, पाण्याला हातपंप. हे सगळं मी नंतर पाहिलं. कारण दारातच, ओट्यावर, मला दोन गुंडाळलेल्या चटया दिसल्या, आणि खुंटीला अडकवलेला एक खाकी सदरा.

"हा कोणाचा?" मी काकांना विचारलं.

काकांनी जयम्मांना विचारलं. जयम्मा म्हणाल्या, कंडक्टरचा. संध्याकाळची हाल्टिंग बस या चिंचेखाली उभी राहते. ड्रायव्हर आणि कंडक्टर माझ्या ओट्यावर झोपतात. पहाटे मी त्यांना गरम पाणी देते, मग गाडी शहरात जाते, मोठ्या दवाखान्याच्या समोरून.

मी त्या सदऱ्याकडे बघत राहिलो. काका म्हणाले, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही. इथे तो चिरते येतो का, तेवढं विचारा."

जयम्मांनी उत्तर दिलं आणि काका हसायला लागले. "येतो म्हणते. पण कंडक्टर इतका घोरतो की झाडापर्यंत येऊन परत जातो."

भाडं परवडणारं होतं. सकाळची गाडी माझ्या कामाच्या वेळेची होती. मला आता पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं, पण जयम्मांनी हातानेच थांबा म्हटलं. काका गाडीची वेळ नीट विचारून यायला चिंचेखाली बसलेल्या लोकांकडे गेले. जयम्मांनी रिकाम्या खोलीत तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या, वर दुधाचं नवं पातेलं ठेवलं. मला पातेल्याकडे आणि मग माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि त्या आत गेल्या.

मला वाटलं, पाहुण्यांना काफी करताहेत आणि दुधाकडे लक्ष ठेवायला सांगताहेत. आमच्या घरी एक शेळी होती. तिचं दूध चुलीवर असताना माझं लक्ष पुस्तकात गेलं आणि ते उतू गेलं, तर आई रडायची. मारायची नाही, रडायची. त्यामुळे दूध राखायला बसणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. मी नजर हलवली नाही. साय फुगली, कडेने वर चढली, काठाला आली, आणि मी हातरुमालाने पातेलं अलगद खाली उतरवलं. जयम्मा उदबत्ती आणि फुलं घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना हसून दाखवलं. एक थेंबही सांडला नव्हता.

त्यांच्या हातातली फुलं तशीच राहिली. त्या पातेल्याकडे बघत होत्या आणि माझं हसू हळूहळू मावळत होतं. मग मला विटांवरचं हळदकुंकू दिसलं.

काका परत आले तेव्हा जयम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. काकांनी कपाळावर हात मारला. "अरे तम्मा, नव्या घरात शिरताना इथे दूध उतू घालवतात. शुक्रवार आहे म्हणून आजच म्हणाल्या त्या. दूध सांडलं की घराने हो म्हटलं. तू उतरवलंस?"

रथसप्तमीला आईसुद्धा अंगणात गोवरीवर मुद्दाम दूध उतू घालवते. बोळक्यातलं घोटभर दूध, वर्षातून एकदा. हे सगळं मला तेव्हा आठवलं, आणि उपयोग काहीच नव्हता.

"पुन्हा ठेवू म्हणा," मी म्हणालो.

काकांनी विचारलं. जयम्मांनी मान हलवली. एकदा उतरवलेलं दूध पुन्हा ठेवत नाहीत. त्या म्हणत होत्या, मुलगा चांगला दिसतो, पण पोटुशी बाई या घरात येणार आणि घराने तिला हो म्हटलेलं नाही. उद्या काही झालं तर? मी ते डोळ्यांनी बघायचं?

माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. दूध का वर येतं, हे मी कागदावर लिहून देऊ शकतो. तरी त्या न सांडलेल्या पातेल्याकडे बघून माझे हात गार पडले होते.

मग मी काकांना म्हणालो, त्यांना एवढं सांगा, आणि नानांची गोष्ट सांगितली. डबा, देवळात झोपणं, ती रात्र, ते मूल, मग गाडीचा मुक्काम बंद होणं. काका एकेक वाक्य कानडीत सांगत होते. मधेच त्यांचा आवाज चिरका झाला. मी थांबलो, ते म्हणाले, "सांग, सांग."

जयम्मांनी सगळं ऐकलं. एकच प्रश्न विचारला: त्या कंडक्टरची नोकरी राहिली का? मी म्हणालो, राहिली. त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग पातेलं उचलून आत नेलं आणि त्या दुधाची काफी करून आणली. काफी पिताना म्हणाल्या, घर तुझ्या हाताने हो-नाही म्हणणार नाही. चूल जिची, दूध तिचं. बायकोला घेऊन शुक्रवारी ये. तोवर खोली कोणाला देत नाही.

"आणि तिच्या हातूनही नाही उतू गेलं तर?" काकांनी विचारलं.

"दूध तापलं की वर येतंच," जयम्मा म्हणाल्या. "कोणी हात घातला नाही तर."

परत येताना

महिनाभर मी काकांच्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी झोपलो आणि मग रजा मिळवून आई आणि मंगलला आणायला गावी गेलो. येतानाचा प्रवास मला फारसा आठवत नाही. आईने बाजरीचं पीठ इतकं बांधून घेतलं होतं की तिथे चक्की नसेल असंच तिला वाटत असावं. मंगल खिडकीशी बसून होती. मला मात्र एकच विवंचना होती. तिला दुधाचं सांगावं की नाही? सांगितलं तर ती तिथे पोचेपर्यंत धास्तीने अर्धी होईल. पहिल्या मुलानंतर ती कावळा कोणत्या बाजूला बसला हेही बघायची. न सांगितलं तर तिचाही हात माझ्यासारखाच जाईल, कारण तीही त्याच घरातली, त्याच दुधावर नजर ठेवणारी. प्रत्येक स्टेशनावर मी ठरवलं की पुढच्या स्टेशनावर सांगू.

हे लिहितो आहे तेव्हा तिला सातवा महिना लागला आहे. पुढचं काही लिहायचं धाडस मला होत नाही. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी नानांना जे पत्र टाकलं, तेच इथे देतो.

तीर्थस्वरूप नाना,

आम्ही काल, शुक्रवारी, सुखरूप पोचलो. आईचे पाय सुजले आहेत, बाकी ठीक. तुम्ही सांगितलं होतं तसं मी खोल्यांच्या आधी गाडी बघितली. गाडी आहे. चिंचेखाली मुक्कामाला असते आणि तिचे ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याच मालकीणबाईंच्या ओट्यावर झोपतात. कंडक्टरचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान आहे आणि पुष्कळ जास्त घोरतो.

इथे घरात शिरताना दूध उतू घालवायची रीत आहे. मागच्या खेपेला मी ते उतरवून ठेवून घोटाळा केला होता, ते तुम्हाला भेटीत सांगेन. मंगलला मी वाटेत यातलं काही सांगू शकलो नाही. मालकीणबाईंनी विटा मांडल्या, पातेलं ठेवलं, आणि मंगलकडे बघून बाजूला झाल्या. बोलायला कोणीच तयार नव्हतं. दूध वर यायला लागलं. मंगलने पदराचा बोळा हातात घेतला. नाना, मी तुम्हाला काय सांगू, माझ्या कानात नुसता घूं आवाज यायला लागला. मग तिचं लक्ष विटांवरच्या हळदकुंकवाकडे गेलं. तिने मला विचारलं, "रथसप्तमीसारखं आहे का हो?" आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता पदर सोडून ती मागे सरकली. दूध विटांवरून जमिनीवर आलं आणि पार उंबऱ्यापर्यंत गेलं. आई डोळे मिटून बसली होती. तिला ते बघवलं नाही. मालकीणबाईंनी मंगलच्या कपाळाला कुंकू लावलं.

भीती गेली आहे असं नाही. दवाखाना दूर आहे, भाषा येत नाही, आणि मी दिवसभर कामावर असणार. पण तुम्हाला हे कळवावंसं वाटलं. काल संध्याकाळी गाडी आली तेव्हा मंगल भाकऱ्या थापत होती. गाडी वळली, मागे आली, चिंचेखाली उभी राहिली. इथली गाडीही आपल्या गाडीसारखीच, बंद होताना एकदा जोरात थरथरते. मंगलचा हात परातीतच थांबला. इंजिन बंद झाल्यावर तिने उरलेल्या भाकऱ्या केल्या, आम्हाला वाढलं, आणि आई तिच्याशी काही बोलत होती तर तिचं उत्तर आलं नाही. बघितलं तर तिला बसल्या जागी झोप लागली होती.

तुमचा,
दत्ता